न्यूअर्क ते डॅलस चार तास, पण आम्ही बुधवारीच निघालो होतो

'न्यूअर्क ते डॅलस किती वेळ लागतो' असं इंटरनेटला विचारलंत तर चार तास असं उत्तर येतं. अंतर पावणेचौदाशे मैल. जाताना वारा तोंडावर म्हणून चार, येताना पाठीशी म्हणून साडेतीन. शिवाय तिथलं घड्याळ आपल्या एक तास मागे, त्यामुळे पोचल्यावर तासभर फुकट मिळाल्यासारखं वाटतं. हे सगळं बरोबरच आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त मी आणि माझी आई बुधवारी संध्याकाळी निघालो आणि शनिवारी दुपारी पोचलो. कोणी असा प्रवास करायच्या विचारात असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय.

मी न्यूअर्कजवळ एडिसनला राहते आणि माझा धाकटा भाऊ निनाद प्लेनोला, म्हणजे डॅलसच्या थोडं वर. दोघंही पुण्याचे, दोघंही आयटीतले, आणि 'चारच तासांचा तर प्रश्न आहे' हे वाक्य दोघांनाही तोंडपाठ. या वाक्यानं आमचं वाटोळं केलं. चारच तास आहेत, केव्हाही जाता येईल, म्हणून आम्ही कधीच गेलो नाही. तीनदा तिकिटं काढली आणि तीनदा कॅन्सल केली. एकदा त्याचं सॉफ्टवेअरचं रिलीज आलं, एकदा माझं व्हिसाचं लफडं झालं, आणि तिसऱ्यांदा का केली ते आता दोघांनाही आठवत नाही. तेवढ्यात त्याची मुलगी ईरा पाच वर्षांची झालीसुद्धा.

ईराचं बारसं मी स्क्रीनवरून केलं होतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पाळण्यात वाकायचं, कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्या वेळात जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. ईराच्या पाळण्यात टॅबलेट ठेवला होता. मी एडिसनच्या स्वयंपाकघरातून कुर्र केलं, नेमकं तेव्हाच नेट अडकलं, आणि प्लेनोच्या बायकांनी टॅबलेटच्या पाठीत धपाटे घातले. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, आणि कॉल संपल्यावर ओट्याशी उभी राहून रडले. आपल्या पाठीत कोणी मारलं नाही याचं माणसाला इतकं वाईट वाटू शकतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ईरा तेव्हापासून मला 'स्क्रीन आत्या' म्हणते.

म्हणून या वसंतात निनादला मुलगा झाला तेव्हा मी ठरवलं की काही झालं तरी या वेळी पाठ घेऊन जायची. बारसं शनिवारी, मुहूर्त दुपारी साडेबारापर्यंत. गौरी, म्हणजे माझी भावजय, फोनवर म्हणाली, "ताई, अगदीच नाही जमलं तर टॅबलेट आहेच हं, टेन्शन घेऊ नका." ती चांगल्या मनानंच म्हणाली. मला मात्र ते असं झोंबलं की मी त्याच मिनिटाला शुक्रवार दुपारचं तिकीट काढलं. नवरा त्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी शिकागोला होता. आई सहा महिन्यांसाठी आलेली होती, तिचं तिकीट माझ्याबरोबर काढलं, फक्त तिला परत यायचं नव्हतं; पुढचे तीन महिने ती नातवापाशी राहणार होती.

आईनं तिकिटाचा दिवस ऐकला आणि सुटकेसमधून पंचांग काढलं. ती पासपोर्ट विसरेल, पंचांग नाही. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघायचं नाही, असं तिनं जाहीर केलं. मी म्हटलं, टेक्सास पश्चिमेला नाहीये, दक्षिणेला आहे. मग दक्षिणेला गुरुवारी वाईट, असं उत्तर आलं. मी नकाशा उघडून दाखवला. डॅलस बरोब्बर नैऋत्येला. आईनं चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाली की मग तर गुरुवारही गेला आणि शुक्रवारही गेला. उरला बुधवार, आणि बुधवारी मला रजा नव्हती. मी वैतागून म्हटलं की विमान धावपट्टीवरून आधी कुठल्या दिशेला उडेल हे वाऱ्यावर ठरतं, ते कदाचित कॅनडाकडे तोंड करूनही उडेल. ती म्हणाली, तू पायलटचं सांगू नकोस, आपलं सांग.

शेवटी तोडगा तिनंच काढला. प्रस्थान ठेवायचं. तरुण वाचकांसाठी सांगते, मलाही फक्त ऐकून माहीत होतं. ज्या दिवशी निघायला हरकत नाही त्या दिवशी आपल्या सामानातलं काहीतरी गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. झालं, तुम्ही निघालात. मग तुम्ही स्वतः सवडीनं जा आणि जाता जाता गाठोडं उचला. अट एकच आणि ती मोडायची नाही: गाठोडं परत आपल्या घरी येता कामा नये. माणसानं गाठोड्याकडे जायचं, गाठोड्यानं माणसाकडे नाही.

बुधवारी संध्याकाळी आईनं माझ्या ओढणीत मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि स्वतःचा एक घडी केलेला ब्लाउज बांधला आणि आम्ही शेजारच्या ग्लेनकडे गेलो. ग्लेन एकटाच राहतो, शाळेत बँड शिकवायचा, आता निवृत्त आहे. मी समजावायला तोंड उघडलं, पण आईनं मला गप्प केलं. तिनं दोन्ही हातांनी गाठोडं पुढे केलं आणि म्हणाली, "धिस इज वी. वी हॅव गॉन." ग्लेननं गाठोड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात विचारलं, "इज इट अलाइव्ह?" आईनं जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "लिटल." मग मी नियम सांगितले: जमिनीवर ठेवायचं नाही, आमच्या घरी परत आणायचं नाही. ग्लेननं मान डोलावली आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून गाठोड्याला बसवलं.

घरी आल्यावर कळलं की आता आपण घरी नाही. आई सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली. स्वयंपाक करणार नाही म्हणाली, निघालेल्या घरात कसली चूल. झाडांना पाणी घालू दिलं नाही, कारण ते निघतानाच घालून झालं होतं. मी गुरुवारी लॅपटॉप उघडून दिवसभर मीटिंगा केल्या तर तिनं विचारलं की प्रवासात इतकं काम कशाला करतेस. एक फायदा झाला. दोन दिवस ओक ट्री रोडच्या देशी बाजारातून आणून जेवलो. तिकडे जाणार असाल तर सांगते, मोठ्या पाटीच्या हॉटेलांत जाऊ नका. किराणा दुकानांच्या आत मागच्या बाजूला जो काउंटर असतो तिथली थाळी घ्या. पोळ्या गरम असतात आणि पार्किंगसाठी भांडावं लागत नाही.

गोची झाली ती बुधवारी संध्याकाळीच. ग्लेनकडून आलो, मी अंघोळीला गेले, आणि निनादचा फोन आईनं घेतला. ती त्याला म्हणाली, "अरे, आम्ही निघालो." तिच्या दृष्टीनं ते शंभर टक्के खरं होतं. आता आपल्यात निघालो म्हणजे काय हे काय निनादला माहीत नाही? केसांना तेल लावून बसलेला माणूसही फोनवर निघालोच म्हणतो. पण आई तसं कधी म्हणत नाही. आई निघाली म्हणाली की ती निघालेली असते, हे आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत. त्याला वाटलं आम्ही सरप्राइज देतोय, बारशाच्या तयारीला लवकर येतोय. त्यानं चार तासांचा हिशेब केला आणि गाडी काढून डॅलसच्या एअरपोर्टवर गेला.

मी पायजम्यात बसून पावभाजी खात होते तेव्हा त्याचा फोन आला. कुठल्या दारातून येताय, विचारत होता. मी म्हटलं, कुठून म्हणजे काय रे, मी घरी आहे. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी त्याला दिशाशूल, नैऋत्य, ग्लेन आणि खुर्ची हे सगळं सांगितलं. एरवी अशा गोष्टीवर तो गडाबडा लोळला असता.

"ताई, ईराला घेऊन आलोय मी," तो म्हणाला. "पाटी रंगवून उभी आहे ती, आत्या लिहिलेली."

पावभाजीची ताटली बाजूला सारली. मी म्हटलं, शुक्रवारी नक्की. तो म्हणाला, "बघू." भांडला असता तर बरं वाटलं असतं. त्या 'बघू'त तीन कॅन्सल केलेली तिकिटं होती आणि त्यातलं एक त्याचंही होतं हे म्हणायची ती वेळ नव्हती.

शुक्रवारी सकाळी बॅगा घेऊन ग्लेनकडे गेलो तर दाराला कुलूप. फोन केला, उचलला नाही. थोड्या वेळानं मेसेज आला आणि एक फोटो. फोटोत गाडीच्या पुढच्या सीटवर आमचं गाठोडं, सीटबेल्ट लावून. झालं असं होतं की ग्लेनच्या मुलीच्या घरी पाण्याचा पाइप फुटला, तो गुरुवारी तातडीनं तिच्याकडे फिलाडेल्फियाला गेला. गाठोडं आमच्या घरी द्यायचं नाही हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. एकटं ठेवणं त्याला बरं वाटेना, कारण ते लिटल अलाइव्ह होतं. म्हणून बरोबर घेऊन गेला.

मी पायरीवर बसकण मारली. आईनं फोटो जवळ घेऊन बघितला, मग विचारलं की फिलाडेल्फिया कुठल्या दिशेला. नैऋत्येला, मी म्हटलं. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणजे आपण बरेच पुढे गेलो की, असं तिचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, आई, तांदूळ आहेत ते, इथून न्यूअर्कला जाऊ, विमानात बसू, तांदूळ ग्लेनला खाऊ देत. ती ऐकेना. आपण फिलाडेल्फियात असताना न्यूअर्कहून कसं बसायचं, हा तिचा प्रश्न होता, आणि खरं सांगते, दोन दिवस तिच्याबरोबर निघालेल्या घरात राहिल्यावर मलाही तो रास्त वाटायला लागला होता. शेवटी तिथंच बसून तिकीट बदललं. त्याच दुपारचं फिलाडेल्फियाहून डॅलसचं विमान मिळालं. फरक किती पडला ते विचारू नका, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

एडिसन ते फिलाडेल्फिया टर्नपाइकच्या टोलरस्त्यानं दीड तास, ट्रक फार, टोलची चिठ्ठी जपून ठेवा. ग्लेनच्या मुलीचं घर एका अरुंद गल्लीत होतं, घरभर ओल आणि पंखे लावलेले. गाठोडं मात्र कोरड्या कपाटावर, उंचावर ठेवलं होतं आणि त्याच्यासमोर पाण्याचा पेला. पेला कोणी ठेवला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. आईनं ग्लेनच्या डोक्यावर हात ठेवला, त्यानं मान खाली घालून आशीर्वाद घेतला, आणि आम्ही निघालो. या वेळी खरोखर निघालो.

सिक्युरिटीत अर्थातच गाठोडं बाजूला काढलं. हातमोजे घातलेल्या बाईंनी सुपारी दोन बोटांत धरून विचारलं की हे काय आहे. आई म्हणाली, "धिस इज वी." मी घाईघाईनं राइस, नट्स, ब्लाउज, रिलिजस असं सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी हळकुंडावर कागद घासला, मशीनमध्ये घातला, आणि आम्ही स्फोटक नाही असा निकाल लागला.

विमान छान उडालं. तीन तास आई खिडकीतून बघत बसली आणि मी तिच्या खांद्यावर झोपले, हे मी कितीतरी वर्षांत केलं नव्हतं. मग कॅप्टननं सांगितलं की डॅलसवर मोठं वादळ आहे, गारा पडतायत, आपण ओक्लाहोमा सिटीला उतरतोय. टेक्सासला या दिवसांत जाणार असाल तर हे धरूनच चाला, वसंतातली वादळं तिथं नेहमीची. उतरलो. दोन तास थांबवलं, मग सांगितलं की पुढचं विमान उद्या दुपारी एक वाजता. मुहूर्त साडेबारापर्यंत. मी काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, मला एका मुलाला नाव ठेवायचंय. तो म्हणाला, काँग्रॅच्युलेशन्स, पण विमान एक वाजताच आहे.

त्या वेळी माझा धीर सुटला. एअरपोर्टच्या कार्पेटवर बॅगेला टेकून बसले आणि आईवर चिडले. म्हटलं, तुझ्या गाठोड्यापायी झालं हे, न्यूअर्कहून बसलो असतो तर. आईनं माझा फोन मागितला, नकाशा स्वतः मोठा करून बघितला, आणि विचारलं की ओक्लाहोमा डॅलसच्या वर आहे ना. मी हो म्हटलं.

"म्हणजे उद्या दक्षिणेला जायचं," ती म्हणाली. "शनिवारी फक्त पूर्व वाईट. दक्षिणेला काही हरकत नाही. गाडी घे."

तीन तासांचा रस्ता होता. मला कसं सुचलं नाही देव जाणे. आमचं आधीचं न्यूअर्कचं विमानही त्याच वादळापायी कॅन्सल झालं, हे आम्हाला हॉटेलवर कळलं. आईनं गाठोडं उशीवर ठेवलं आणि घोरायला लागली.

शनिवारी सकाळी भाड्याची गाडी घेतली. एका शहरात घेऊन दुसऱ्या राज्यात सोडायची तर पैसे जास्त लागतात, पण मिळते, फक्त काउंटर उघडायच्या आधी रांगेत उभं राहा. निनादला फोन करून म्हटलं, निघालो. तो म्हणाला, कोण निघालं, तू की तांदूळ? मी म्हटलं, सगळे. तो हसला नाही. म्हणाला की गौरीनं टॅबलेट चार्ज करून ठेवलाय, पन्नास माणसं येतायत, तू सावकाश ये, घाईत ड्राइव्ह करू नकोस.

रस्ता सुंदर आहे. सरळ दक्षिणेला, दोन्हीकडे हिरवी कुरणं, मग मध्येच आर्बकलचे डोंगर लागतात, आणि त्यांच्या पायथ्याशी 'फ्राइड पाय' मिळतात, म्हणजे आत सारण भरून तळलेली अर्धगोल पेस्ट्री. आईनं एक चावा घेतला आणि म्हणाली, ही तर करंजी, फक्त मुरड घालता येत नाही बिचाऱ्यांना. जर्दाळूचा घ्या, मांसाचेही असतात, तेव्हा विचारून घ्या. पुढे रेड रिव्हर ओलांडली की टेक्सास. नदीत पाणी खरंच तांबडं असतं. आईनं पर्समधलं नाणं टाकायला खिडकी उघडली, मी हायवेवर थांबले नाही, तर तिनं ते तसंच भिरकावलं. पोचलं की नाही माहीत नाही.

डेंटनपाशी एक ट्रक आडवा झालेला, आणि त्याच्यामागे आम्ही आणि अख्खं टेक्सास. गाड्या हलेनात. बाराला पंचवीस मिनिटं होती. मी स्टिअरिंगवर हात आपटत होते. आई गाठोडं छातीशी धरून पुटपुटत होती, मला वाटलं स्तोत्र म्हणतेय, पण ती ट्रकवाल्याला शिव्या घालत होती. सुटलो एकदाचे. निनादच्या गल्लीत वळलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्याच गाड्या. फोन वाजला, टॅबलेटवरून गौरी. ताई, मुहूर्त संपतोय, सासूबाईंना विचारा, स्क्रीनवर करून घेऊ का? आईनं फोन हातात घेतला आणि बोट लागून व्हिडिओ चालू झाला. मी गाडी कुणाच्यातरी हिरवळीवर घातली आणि पळत सुटले. मागे आई, एका हातात मी दिसणारा फोन आणि दुसऱ्या हातात गाठोडं.

दार उघडंच होतं. आत पन्नास माणसं पाठमोरी, मधे झेंडूनं सजवलेला पाळणा, पाळण्यात बाळ आणि बाळाच्या उशाशी टॅबलेट. टॅबलेटवर माझी पाठ दिसत होती, दारातून आत शिरताना. आईचा फोन टॅबलेटच्या जवळ आला आणि दोन्हींनी मिळून असं काही कर्कश कुर्रर्र केलं की बाळ दचकून रडायला लागलं. कोणी म्हणालं, झालं की मग कुर्र. आईनं दारातूनच निकाल दिला, नाव कुठे सांगितलं त्यानं, चालणार नाही.

सगळे वळले. ईरा पाळण्याच्या दांडीला धरून उभी होती. तिनं टॅबलेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग तिची नजर खाली खाली गेली. पळताना माझी एक चप्पल हिरवळीवरच राहिली होती.

"यू हॅव फीट," ती म्हणाली.

निनादनं पाळण्यातून टॅबलेट उचलला आणि सोफ्यावर पालथा टाकला. मी वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा वास होता. मी कुर्रर्र केलं आणि मिहिर असं नाव सांगितलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि पाठीत धपाटे पडायला लागले. कुठल्या कुठल्या काकू, मावश्या, गौरीची आई, मैत्रिणी, सगळ्यांनी हात धुऊन घेतले. त्यातला एक धपाटा इतका जोरात बसला की माझं कपाळ पाळण्याच्या कठड्यावर आपटलं. मागे बघितलं तर निनाद. डोळ्यांत पाणी, आणि हात अजून वर.

"हा बुधवारचा," तो म्हणाला, आणि आणखी एक घातला.

मी रडत होते आणि हसत होते आणि पाठ सोडवत नव्हते. इतकं सुख मला या देशात आल्यापासून झालेलं नाही, हे मी शुद्धीत लिहितेय.

रविवारी परत निघाले, एकटीच. एअरपोर्टवर सोडायला निनाद आणि ईरा आले. ईरा गाडीत माझ्या शेजारी बसून मधूनमधून माझ्या पावलाला बोट लावून बघत होती. उतरताना निनादनं डिकीतून एक गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. त्याचा जुना टी-शर्ट, त्यात तांदूळ, सुपारी आणि मिहिरचा एकच मोजा. मी विचारलं, हे काय?

"आज पूर्वेलाही चालतं आणि उत्तरेलाही, आईला विचारलंय," तो म्हणाला. "मी निघालो."

आता घरी येऊन दोन महिने होत आले. पाठीवरचे वळ गेले, कपाळावरचं टेंगूळ गेलं. निनादचं गाठोडं जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर बसलेलं आहे. ग्लेन आला की त्याला हॅलो म्हणतो. नवऱ्याला सुरुवातीला विचित्र वाटायचं, आता तोही ताटं घेताना खुर्ची मोजतो. निनादनं मधे एकदा फोन करून चाचपडत म्हटलं की नवं रिलीज आलंय, या वेळी जरा अवघड दिसतंय, पुढच्या वर्षी करूया का. मी म्हटलं, कर की, चारच तासांचा तर प्रश्न आहे. फक्त गाठोडं परत पाठवता येत नाही, माहीत आहे ना तुला. तो हो म्हणाला आणि विषय बदलला.

पण तेवढ्यात ईरानं त्याच्याकडून फोन घेतला आणि व्हिडिओ चालू केला. तिनं गाठोडं बघायचं म्हटलं म्हणून मी कॅमेरा खुर्चीकडे वळवला. निनाद तिच्या शेजारीच सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता, मला त्याचा खांदा दिसत होता. ईरानं स्क्रीनला हात लावला आणि गाठोड्याला म्हणाली, "हाय, बाबा." खांदा हलायचा थांबला. मी कॅमेरा तसाच धरून ठेवला.

आज सकाळी निनादचा मेसेज आला. एकच शब्द: निघालो. त्याचं निघालो म्हणजे काय हे मला पुरेपूर माहीत आहे. तो अजून दात घासत असेल, ईरा एक बूट शोधत असेल, गौरी दुधाच्या बाटल्या भरत असेल, आई मात्र पर्स मांडीवर घेऊन केव्हाच बसली असेल. डॅलस ते न्यूअर्क साडेतीन तास, आणि माझ्या घरापासून न्यूअर्क एअरपोर्ट अर्ध्या तासावर. सगळा हिशेब केला, एका पुठ्ठ्यावर 'बाबा आणि मंडळी' असं मोठ्या अक्षरांत रंगवलं, गाठोड्याला सीटबेल्ट लावला, आणि आत्ता एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये बसून हे लिहितेय. विमान अजून तिकडून उडालेलं नाही.